जॉब सोपवलेल्या क्रमानेच चालवण्यासाठी

इंदूरला आमच्या रात्रपाळीत नव्याने येणाऱ्यांना मी प्रथम हेच सांगतो, की जेस-२ (आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएस या कार्यप्रणालीतील, जॉब म्हणजे बॅच कामे स्वीकारून चालवायला देणारा भाग) जॉब ओळीने स्वीकारते, परंतु एकाच क्लासवर (जॉबच्या वर्गावर) अनेक इनिशिएटर (जॉब प्रत्यक्ष चालवायला घेणारे प्रोग्राम) असतील तर ते शेजारीशेजारी धावतात आणि दुसरा पहिल्याच्या आधीही संपतो.

स्वतंत्र क्लास घेऊन त्यावर एकच इनिशिएटर ठेवणे आणि सर्व जॉबची प्रायोरिटी सारखी ठेवणे हा जुना उपाय आहे. मात्र जेसीएलचे (जॉबच्या सूचना लिहिण्याच्या भाषेचे) अंतर्गत रूपांतर करणारे कन्व्हर्टर एकाहून अधिक असल्यास लांबलचक जेसीएल असलेला पहिला जॉब रूपांतरातच रेंगाळतो आणि छोटा जॉब पुढे जातो. शिवाय पहिला अबेंड झाला (चुकीमुळे मध्येच बंद पडला) तरी दुसरा निमूटपणे सुरू होतो, ही माझ्या मते अधिक गंभीर गोष्ट आहे.

म्हणून झेड/ओएस २.२ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर जॉबग्रुपच, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या जॉबचा गटच, वापरावा. त्यात प्रत्येक जॉबसाठी जीजॉब विधान लिहून, दुसऱ्याखाली 'आफ्टर नेम=' पुढे पहिल्याचे नाव द्यावे, शेवटी एंडग्रुप लिहावे आणि प्रत्येक जॉबमध्ये शेड्यूल विधानाने त्या गटाचे नाव नोंदवावे. रिटर्न कोडची (जॉब कसा संपला ते सांगणाऱ्या आकड्याची) अटही आफ्टरमध्येच घालता येते.

जुन्या आवृत्तीत पहिल्या जॉबच्या शेवटच्या स्टेपमधून, कॉन्ड (आधीच्या स्टेपच्या रिटर्न कोडची अट) तपासून, इंटर्नल रीडरद्वारे (जॉबमधूनच जेस-२ कडे जॉब सोपवण्याच्या सोयीने) पुढचा जॉब सोपवावा.