हायड्रोजेल व्हॉल्व्ह करायला घेताय? आधी माझ्या वाहून गेलेल्या खांबाची गोष्ट ऐका

मायक्रोफ्लुइडिक्समध्ये, म्हणजे केसाएवढ्या बारीक चॅनलमधून द्रव खेळवण्याच्या कामात, नवीन आलं की हायड्रोजेल (पाणी पिऊन फुगणारं जेल) व्हॉल्व्ह म्हणजे जादूच वाटते, ना वायर ना बॅटरी, द्रवाचा पीएच (किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) बदलला की जेल आपोआप फुगतं आणि चॅनल बंद. २००० साली बीबी नावाचे संशोधक आणि मंडळींचा नेचर या विज्ञान-नियतकालिकात पेपर आला होता, चॅनलच्या आतच यूव्हीने जेलचे बारके खांब बनवलेले, तो वाचून मीपण या नादाला लागले.

रेसिपी तशी साधी. अॅक्रिलिक अॅसिड आणि हेमा हे दोन मोनोमर (ज्यांच्या साखळ्या जोडून जेल बनतं ते रेणू), थोडा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा) आणि फोटोइनिशिएटर (यूव्ही पडताच क्रिया सुरू करणारा), हे मिश्रण चॅनलमध्ये भरा, वर मास्क (हव्या त्या जागीच यूव्ही जाऊ देणारा छाप) ठेवा, यूव्ही मारा, उरलेलं धुऊन काढा. मोनोमर विषारी असतात त्यामुळे ग्लोव्हज हवेतच. पहिला खांब मायक्रोस्कोपखाली दिसला तेव्हा मी अख्ख्या लॅबला बोलावून दाखवला. ८ पीएचचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) सोडला, खांब फुगला, फ्लो थांबला, सगळे खूश. मग ३ पीएचचा सोडला तर खांब आकसला, बुडातून सुटला आणि डोळ्यांदेखत वाहत आउटलेटजवळ गेला, आणि परत ८ चा सोडल्यावर तिथेच फुगून बसला. व्हॉल्व्ह एकदम परफेक्ट बंद, फक्त भलत्याच जागी!

झालं काय, तर काचेला जेल धरून राहावं म्हणून आधी मेथॅक्रिलेटवालं सिलेन (एका टोकाने काचेला आणि दुसऱ्याने जेलला चिकटणारं रसायन) लावायचं असतं, ती स्टेप मी 'नंतर बघू' म्हणून सोडली होती. सोडू नका. वरच्या बाजूचा घोळ वेगळा, तिथे चॅनल पीडीएमएसचं (रबरासारखं सिलिकोन) असतं, त्यातून ऑक्सिजन आत येत राहतो आणि तो जेलची साखळी वाढवणारे रॅडिकल खातो, म्हणून भिंतीलगतचा काही मायक्रॉनचा थर जेल होतच नाही. मिश्रणातून आधी नायट्रोजन सोडला की थोडाफार फरक पडतो. नुसता यूव्हीचा वेळ वाढवला तर खांब मास्कच्या बाहेर पसरतो, तेही करून झालंय.

साइज लहान ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. फुगायला लागणारा वेळ साइजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तानाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्येच दाखवलंय. म्हणजे जाड तुकड्याला तास लागत असेल तर दहापट बारीक खांबाला साधारण ३६ सेकंद. म्हणून एका जाड्या खांबापेक्षा चार बारीक बरे.

बफरचं एक सांगते. एक आठवडा रिझल्ट रोज वेगळे, पीएच मात्र तोच. शेवटी कळलं की दोन बाटल्यांमधलं मीठ वेगवेगळं होतं. मीठ जास्त असलं की जेलच्या साखळ्यांवरचे चार्ज झाकले जातात आणि फुगणं कमी होतं. वहीत फक्त पीएच लिहून भागत नाही, मीठपण लिहा.

नायपॅमचं (पीएचऐवजी तापमानाला दाद देणारा मोनोमर) जेल घेतलंत तर गणित वेगळं, गार असताना फुगलेलं, साधारण ३२ अंशांच्या वर आकसलेलं, म्हणजे तापवलं की व्हॉल्व्ह उघडतो. एकदम तापवलं तर बाहेरची साल आधी आवळते आणि पाणी आतच अडकतं, तेव्हा जरा दमाने. माझा एक व्हॉल्व्ह हीटर बंद असतानाही उघडाच राहायचा, दोन दिवस सर्किट तपासत बसले. मायक्रोस्कोपचा हॅलोजन दिवा चिप तापवत होता. दिवा विझवला, थोड्या वेळाने परत लावून बघितलं तर खांब मस्त फुगलेला.