आयरिश धून कानावरून शिकवताना: स्वयंसेवक मंडळांसाठी

आयरिश धुनांचे संग्राहक फ्रान्सिस ओ'नील यांच्या १९०३ च्या संग्रहात १,८५० धुना आहेत, पण कागदावर उतरते ती फक्त चौकट. स्वरांची सजावट आणि रीलची, म्हणजे वेगवान नाचाच्या धुनेची, लय कानानेच घ्यावी लागते. म्हणून मंडळाची ताकद आधी शिकवणीवर, म्हणजे स्लो सेशनवर (संथ गतीने एकत्र शिकायच्या बैठकीवर) लावा.

एका बैठकीत एकच नवी धून घ्या, डी किंवा जी मेजरमधली. डी टिन व्हिसलवर (पत्र्याच्या छोट्या बासरीवर) या दोन्ही पट्ट्या सहज निघतात. शिकवणाऱ्याने पूर्ण धून संथपणे तीनदा वाजवावी. तोवर बाकीच्यांची वाद्यं मांडीवरच. मग दोन-दोन बारचे (तालाच्या मापांचे) तुकडे करावेत आणि सगळ्यांना जमेपर्यंत पुढे जाऊ नये. आधी धुनेचा पहिला म्हणजे ए भाग, मग दुसरा म्हणजे बी, शेवटी जोडणी. रील असेल तर बारला दोन ठेके धरून मिनिटाला ६० ते ७० ठेके पुरेत. घरच्या सरावासाठी फोनवर रेकॉर्ड करू द्या.

हमखास बिघडते ती लय. सराईत वादक नकळत वेग वाढवतात आणि नवखे गप्प होतात. म्हणून लय धरणारा एकच माणूस आधी ठरवा. बोधरान (आयरिश डफ) एका वेळी एकच हवा. दोन झाले की ठोके एकमेकांत अडकतात आणि धून ऐकूच येत नाही.

शिकलेली रील लवकरात लवकर नाचाला वाजवा. सुरुवातीला ‘वॉल्स ऑफ लिमेरिक’ हा समूहनाच उत्तम: दोन-दोन जोड्या समोरासमोर, एक फेरी ३२ बारची. आठ बारचा ए दोनदा, बी दोनदा, की फेरी पूर्ण. वादकांनी एक आवर्तन गाळलं तर पुढची जोडी समोर येण्याआधीच धून पहिल्यापासून सुरू होते आणि सगळी रांग गोंधळते. काही रीलमध्ये भागांची आवर्तनं नसतात. त्या प्रत्येक फेरीला दोनदा वाजवाव्या लागतात. पावलं आधी संगीताशिवाय चालून घ्या.

ज्येष्ठ वादकांचं रेकॉर्डिंग मात्र टाळू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइल ठेवा. सुरुवातीलाच वादकाचं नाव, तारीख आणि गाव बोलून घ्या, आणि प्रत्येक धुनेआधी ती कोणाकडून शिकली हेही विचारा. ही माहिती नंतर जुळवणं फार अवघड असतं. लेखी परवानगी त्याच दिवशी घ्या, तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आयर्लंडमधल्या मंडळांनी डब्लिनच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्हशीही बोलावं. १९८७ पासून ही संस्था हाच ठेवा सांभाळते आहे.