लॉनवरच्या बुरशीला नक्की कुठलं औषध चालतं, आपल्याच लॉनवर तपासायची पद्धत

सांगलीत आमच्या मंगल कार्यालयामागं बर्मुडा गवताचं (हरळीच्या जातीचं) लॉन आहे, काळी माती, पाऊस लागून राहिला की पाणी चटकन मुरत नाही. एका ऑगस्टमध्ये सगळीकडं वाळके ठिपके पडले, दुकानातनं तीन औषधं एकत्र करून दिली, ती मी सरसकट मारली आणि पंधरा दिवसांत लॉन हिरवंगार झालं. पुढच्या वर्षी तेच मारलं तर काडीचा फरक नाही. नंतर आठवलं की पहिल्या वर्षी फवारणीनंतर लगेच पाऊस उघडला होता, कडक ऊन पडलं होतं. आता बरं उन्हानं झालं का औषधानं, कसं सांगणार? न फवारलेला हातभर कोपरासुद्धा सोडला नव्हता. म्हणून ही पद्धत लिहितोय.

आधी रोग ओळखा. सकाळी दव असताना गुडघ्यावर बसून बघा. ठिपके पाच रुपयाच्या नाण्यापासून तळहाताएवढे, त्यावर कापसासारखी पांढरी जाळी, ऊन चढलं की ती गायब. एक पात उपटून बोटावर आडवी धरा, मधे वाळक्या गवतासारखा पिवळट पट्टा आणि दोन्ही कडांना तांबूस तपकिरी रेघ दिसली तर तो डॉलर स्पॉट. मोठे गोल पट्टे, कडेला नारिंगी झाक आणि पात ओढली की बुडातनं कुजून हातात येतेय, असं असेल तर रायझोक्टोनिया, मेक्सिकन गवतावर (झोयशिया, लॉनचीच दुसरी जात) हा जास्त. पाणी वाहतं त्या दिशेनं तेलकट, चिकट पट्टे पसरत असतील तर पिथियम, आणि ती खरी बुरशीच नाही, द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाच्या गोतावळ्यातली आहे. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, डाऊनीचं मेटालॅक्झिल हे औषध भुरीवर मारून उपयोग नसतो, कारण भुरी ही खरी बुरशी; इथंही तसंच, रोगाप्रमाणं औषध वेगळं. ओळख पटत नसेल तर ठिपक्याच्या कडेचा, अर्धा हिरवा अर्धा वाळका तुकडा मातीसकट कापून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

माझा डॉलर स्पॉट होता म्हणून मी चार गोष्टी धरल्या: प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, ॲझॉक्सीस्ट्रोबिन २३ एससी, मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी आणि चौथं नुसतं पाणी (आकडा म्हणजे औषधाचं टक्के प्रमाण, ईसी-एससी म्हणजे पातळ आणि डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी). पाण्याचा वाफा सगळ्यात महत्त्वाचा, त्यालाही औषध मारून वाचवायचा मोह होतो पण तसं करायचं नाही.

जागा अशी आखा. ५ बाय ५ फुटांचे १६ वाफे, चार ओळी, प्रत्येक ओळीत चारही प्रकार एकेकदा. सावलीची एक ओळ, नळाजवळची एक, अशा ओळी पाडायच्या म्हणजे एका ओळीतल्या चौघांची परिस्थिती सारखी राहते. कुठला प्रकार कुठं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येक ओळीला वेगळ्या चिठ्ठ्या. मनानं ठरवलं की आवडतं औषध नकळत चांगल्या जागी जातं. खुंट्या मारून नंबर घाला, नावं फक्त वहीत.

फवारणीला दोन लिटरचा हातातला प्रेशर पंप पुरतो. आधी साधं पाणी मगात फवारून २५० मिली पडायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग प्रत्येक वाफ्याला तेवढेच सेकंद. एका औषधाच्या चार वाफ्यांना एक लिटर लागतं, पण शेवटी पंप फुसफुसतो म्हणून सव्वा लिटर करा. प्रोपिकोनॅझोल आणि ॲझॉक्सीस्ट्रोबिन मी लिटरला १ मिली घेतलं, मॅन्कोझेब अडीच ग्रॅम, तुम्ही लेबल बघा आणि केंद्रात विचारूनच प्रमाण धरा, कारण लेबलवर बहुतेक पिकांचीच नावं असतात. औषध बदलताना पंप तीनदा धुवायचा. वारा नको, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. गवत कापायचं मशीन आदल्या दिवशी मारा, फवारल्यावर दोन दिवस नाही. आणि कापलेलं गवत म्हशीला घालू नका, आमच्याकडं लगेच कुणीतरी न्यायला येतं, त्याला स्पष्ट नाही म्हणा.

आता मोजणी, सगळी मजा इथंच आहे. एक फूट बाय एक फुटाची लाकडी चौकट करा, त्यात दहा उभे आणि दहा आडवे दोरे ताणा, म्हणजे शंभर गाठी झाल्या. वाफ्याच्या मधोमध ठेवायची, कडेचा फूटभर सोडायचा कारण तिथं शेजारचं औषध उडतं, आणि किती गाठींखाली रोगट गवत आहे ते मोजायचं, तेच टक्के. फवारणीच्या आधी एकदा, मग ७, १४ आणि २१ व्या दिवशी. शक्य असेल तर मोजणाऱ्याला कुठल्या नंबरला काय मारलंय हे माहीत नसावं, आमच्याकडं पुतणी मोजते आणि मी लिहितो. पाऊस कधी पडला तेही लिहा, मॅन्कोझेब वरवर बसतं, धुऊन जातं.

निकाल बघताना चारही ओळींत एकच गोष्ट दिसतेय का बघा, एकाच ओळीत चांगलं आलं तर तो योगायोग समजा. माझ्याकडं प्रोपिकोनॅझोल चारही ठिकाणी पाण्यापेक्षा सरस निघालं. ॲझॉक्सीस्ट्रोबिन महागडं, पण डॉलर स्पॉटवर ते मुळातच कमजोर, रायझोक्टोनियावर मात्र चांगलं चालतं. प्रोपिकोनॅझोलच्या गटातल्या औषधानं बर्मुडाची वाढ थोडी दबू शकते, सारखं मारलं आणि ऊन कडक असलं तर जास्तच, म्हणून रंग आणि उंचीही लिहून ठेवा.

पाण्याच्या वाफ्यातला रोगही निम्म्यावर आला असेल तर हवामान बदललंय, तेव्हा उरलेल्या लॉनवर फवारायची घाई नको. संध्याकाळचं पाणी बंद करून पहाटे द्या, डॉलर स्पॉट असेल तर थोडा युरिया द्या, नत्र कमी पडलं की हा रोग जोर धरतो. रायझोक्टोनिया किंवा पिथियम असेल तर मात्र युरियाला हात लावू नका, तिथं नत्रानं रोग वाढतो.