फँटसीतल्या लढवय्या बायका आणि गर्भनिरोध : या चुका टाळा

फँटसीच्या कच्च्या खर्ड्यांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘छावणीतल्या बायका दर महिन्याला एक कडू काढा पीत.’ झालं, विषय मिटला! बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

काढ्याला गुण येतो असं ठरवलंत, तर ती मुळी उगवते कुठे आणि विकतं कोण, हेही ठरवा. आजच्या लिबियात सायरीन नावाची ग्रीक वसाहत होती. तिथे सिल्फियम ही वनस्पती रानात मिळे. ती मसाल्यात पडे, औषधात लागे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैद्य सोरेनस तिचा चीक गर्भनिरोधासाठी सांगतो. शहराच्या नाण्यांवर तिचं चित्र होतं. पण ती लागवडीला दाद देईना. आपल्या काळात तिचा एकच दांडा सापडला आणि तो नीरो बादशहाकडे पाठवला गेला, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. तिला खरंच गुण होता का, हे आता तपासता येणार नाही. पण कथेसाठी केवढा ऐवज आहे हा! ज्या राज्याचं निम्मं सैन्य एका रानमुळीवर अवलंबून आहे, त्याच्या शत्रूने किल्ल्याला वेढा घालत कशाला बसावं? रान पेटवलं की काम झालं.

दुसरी चूक हिशोबाची, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. आधुनिक वैद्यकाआधी साधारण निम्मी मुलं मोठी होण्यापूर्वीच दगावत. लोकसंख्या नुसती टिकवायची तरी सरासरी बाईमागे किमान चार मुलं हवीत. एक तृतीयांश बायकांना मूलबाळ नको म्हणून फौजेत धाडलंत, की उरलेल्या प्रत्येकीवर सहा येतात. त्यांच्यावर राज्य काय सक्ती करतं? जादूने बालमृत्यू थांबवणार असाल तर खुशाल थांबवा. मग दोन पिढ्यांत जमिनीचे तुकडे पडायला लागतील, तेही लिहा.

‘रोजच्या कवायतीने पाळी थांबते, म्हणून दिवस राहत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. अतिश्रम आणि उपासमारीने पाळी थांबू शकते, पण ती परतताना स्त्रीबीज आधी सुटतं, पाळी नंतर दिसते; म्हणजे पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात.

औषधाशिवायही व्यवस्था उभी राहते. आजच्या बेनिनमध्ये असलेल्या दाहोमी राज्यातल्या स्त्री-सैनिक नावाला राजाच्या बायका असत. परपुरुषाशी संबंध हा कडक शिक्षेचा गुन्हा. जे काम काढ्याने करायचं, ते तिथे कायदा करत होता. तुमच्या जगात हा कायदा मोडणारी एखादी असेलच.

राहता राहिलं ‘आई झाली की तलवार खुंटीला’. राजाराम महाराज १७०० साली गेले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या, मुलगा जेमतेम चार वर्षांचा. औरंगजेबाविरुद्धचं युद्ध त्यांनी १७०७ पर्यंत चालवलं. तेव्हा सेनापतीणबाईंना मूल जरूर द्या. फक्त मोहिमेच्या काळात ते कोणाच्या कडेवर असतं, ते माणूस खर्ड्यात नसेल तर आधी ते लिहून काढा.