बांधावर तरवड कसा लावावा

मराठवाड्यातील माळरानावर आणि मुरमाड बांधावर आपोआप उगवणारे तरवडाचे बहुवर्षायू झुडूप मुद्दाम लावण्याजोगे आहे, कारण ते कमी पाण्यावर तग धरते, त्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत आणि नवरात्रात घटावर घालायच्या माळेसाठी पिवळीधमक फुले घरच्या शेतातच मिळतात.

झुडूप ओळखताना पानाच्या देठाशी पाहावे. तेथे कानाच्या पाळीसारखी, गोलसर आणि ठळक उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी लहान पानांसारखी अंगे, असतात. चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की त्या तोडून बी काढावे.

बियांचे कवच कठीण असते आणि उगवण बहुधा तेथेच अडते. म्हणून उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाकावे, रात्रभर तसेच राहू द्यावे आणि सकाळी फुगलेले बी पेरावे. जे फुगले नसेल त्यावर हाच उपाय पुन्हा करावा. मृगाच्या पावसाने जमीन ओली झाल्यावर सुमारे 1 मीटर अंतरावर, प्रत्येक जागी 2-3 बिया, 1 ते 2 सेंटिमीटर खोल टाकाव्यात. याचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षा जागेवरच पेरणे मला अधिक योग्य वाटते. पाणी साचणारी काळी जमीन मात्र टाळावी.

पहिल्या वर्षी भोवतालचे गवत काढावे. खताची गरज नसते. फुलांवर कीटकनाशक अजिबात फवारू नये, कारण परागकणांसाठी भुंगे तेथे येतात.