चौकाचं मॉडेल आणि सुमोची नवी आवृत्ती

सुमो या वाहतूक सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्याआधी चौकाच्या मॉडेलचा बॅकअप घ्या. नुसत्या नेटवर्कच्या, म्हणजे रस्त्यांच्या, फाइलचा नको, अख्ख्या फोल्डरचा.

आता मुद्द्याचं. जुनी आवृत्ती काढण्याआधी तिच्यावर मॉडेल चालवा आणि निकाल जपून ठेवा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो. नवं सुमो टाकलं, मॉडेल बिनतक्रार चाललं, पण पूर्वेकडची जी रांग बसथांब्यापाशी संपायची, ती थेट मागच्या चौकात शिरली. संपायची म्हणजे माझ्या आठवणीत, कारण लेखी काहीच नव्हतं. दोष नव्या आवृत्तीचा, की त्याच आठवड्यात मी सिग्नलच्या वेळांत केलेल्या बदलाचा? हे कळायला जुनी आवृत्ती शोधून परत बसवावी लागली. तीन दिवस गेले.

निकाल म्हणजे प्रत्येक बाजूची रांग, विलंब आणि पार झालेली वाहनं. तेही एकाच सीडवर नको (सीड म्हणजे ज्या आकड्यापासून सिम्युलेशनमधले यादृच्छिक आकडे निघतात तो). सीड दिला नाही तर सुमो दर वेळी 23423 हाच घेतं. मग आकडा तोच तोच येतो आणि उगाच विश्वास बसतो. निदान दहा सीड घ्या, नव्यावरही तेच दहा. आकडे एकेक जुळणार नाहीत. सरासरी आणि पसारा बघा.

वाहनप्रकारात जी मूल्यं तुम्ही लिहिली नाहीत, ती सुमो स्वतः भरतं, आणि आवृत्ती बदलली की ती तशीच राहतील याची हमी नाही. तेव्हा पुढच्या गाडीपासूनचं किमान अंतर, टाऊ (चालक पुढच्या गाडीपासून राखतो ते सेकंदांतलं अंतर), सिग्मा (चालकाच्या चालवण्यातला चुकारपणा) हे सगळं फाइलमध्ये लिहून टाका. टेलिपोर्टवर खास नजर ठेवा: 300 सेकंद अडकलेलं वाहन सुमो उचलून पुढे नेऊन ठेवतं, कोंडी आपोआप सुटते आणि आपण खूश! त्याच्या वॉर्निंग दोन्ही आवृत्त्यांवर मोजा. जुन्यावरच्या मोजायला जुनी आवृत्ती जागेवर हवी. हो, परत तेच सांगतोय.

याच बैठकीत नकाशावरून नेटवर्क नव्याने बनवायला जाऊ नका. नेटकन्व्हर्ट, म्हणजे सुमोचं नेटवर्क बनवणारं साधन, लेनच्या बऱ्याच जोडण्या अंदाजाने ठरवतं आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. एका वेळी एकच बदल.

सुमो-होम, म्हणजे सुमो कुठे बसवलंय ते संगणकाला सांगणारी सेटिंग, नव्या फोल्डरकडे वळवा, पायथनची लायब्ररी त्याच आवृत्तीची घ्या.

मग जीईएच, म्हणजे मॉडेलमधली वाहनसंख्या प्रत्यक्ष मोजणीशी किती जुळते याचा निकष: 85 टक्के ठिकाणी 5च्या खाली. माझा त्या मागच्या वेळीही बसला होता! तो ताशी वाहनसंख्या बघतो, रांग नाही. रांगेसाठी जुने निकालच लागतात.

डिटेक्टर (मॉडेलमधले वाहनं मोजणारे सेन्सर), आउटपुटच्या फाइली, सहकाऱ्यांना निरोप, हे बघून घ्या. जुनी आवृत्ती महिनाभर वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या. निकालांच्या फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला. 'जुने' आणि 'जुने 2' असली नावं नकोत.