जुनी रेडिओ विनोदी मालिका सलग कशी ऐकावी

अमेरिकेत १९३० आणि १९४० च्या दशकांत रेडिओवर गाजलेल्या विनोदी मालिकांचे शेकडो भाग आज घरबसल्या, फुकट ऐकायला मिळतात. पण बहुतेक जण ‘सर्वोत्तम दहा भाग’ अशी एखादी यादी शोधतात, त्यातले तीन-चार कसेबसे ऐकतात आणि ‘त्या काळी लोक हसत असतील बुवा’ म्हणून नाद सोडतात. दोष मालिकेचा नसतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी रेडिओभोवती बसणाऱ्या घरांसाठी हे लेखन झालेलं होतं. मागच्या महिन्यात कोण कोणावर रुसलं, कोणाचं लग्न मोडलं, हे ऐकणाऱ्याला माहीत आहे असं लेखक धरूनच चालायचे. मधलाच एक भाग उचलला तर त्यातला निम्मा विनोद कानावरून जातो.

तेव्हा सलग ऐका. ते कसं जमवायचं, हे इथे मुख्यतः एका मालिकेच्या आधाराने सांगतो: ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’. माझं मत विचाराल तर लांबलेली कथानकं आणि बदलत जाणारी माणसं यांसाठी सुरुवात करायला हिच्याइतकी सोयीची मालिका दुसरी नाही.

१. आधी मालिकेची जात ओळखा

काही मालिका रोजच्या होत्या. ‘एमॉस अँड अँडी’ (१९२८ पासून) किंवा ‘लम अँड ॲबनर’ (१९३१ पासून) यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग असत आणि गोष्ट आजच्या भागातून उद्याच्या भागात सरळ पुढे जाई. नवख्याने इथून सुरुवात करू नये. भागांची संख्या अफाट, त्यात मधले कितीतरी हरवलेले.

दुसऱ्या टोकाला ‘फिबर मॅगी अँड मॉली’. जिम आणि मॅरियन जॉर्डन या नवरा-बायकोची ही मालिका १९३५ साली सुरू झाली. तिचा भाग त्या-त्या आठवड्यात संपतो. फिबरच्या घरातलं सामानाने गच्च भरलेलं कपाट उघडलं की सगळं धडाधड खाली येतं, हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध विनोद. त्याला मागची गोष्ट लागत नाही, पण सवय लागते. ते कपाट कधी उघडणार, याची वाट पाहण्यातच निम्मी गंमत आहे.

गिल्डरस्लीव्ह या दोहोंच्या मधे. आठवड्याला अर्धा तास, प्रत्येक भागाची स्वतःची छोटी भानगड, आणि तिच्या मागे महिनोन्‌महिने चालणारं मोठं प्रकरण.

२. मालिका अख्खी नको, एक हंगाम घ्या

त्या काळी मालिकेचं वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होई आणि जूनच्या सुमारास संपे; उन्हाळ्यात सुटी. म्हणजे हंगामाला साधारण ३९ भाग, सुमारे वीस तास. रोज एक भाग ऐकला तर सव्वा महिना पुरतो.

पहिला भाग मात्र हंगाम कोणताही निवडला तरी ऐकाच. ३१ ऑगस्ट १९४१. थ्रॉकमॉर्टन पी. गिल्डरस्लीव्ह हा मूळचा फिबर मॅगीचा भांडखोर शेजारी, कंबरपट्ट्यांच्या कारखान्याचा मालक. पोरक्या भाच्या-भाचीची व्यवस्था लावायला तो आगगाडीने समरफील्ड गावी निघतो. गाडीत एका म्हाताऱ्याशी त्याचं कडाक्याचं भांडण होतं. गावात उतरल्यावर कळतं की तो म्हातारा म्हणजे जज हूकर, मुलांच्या इस्टेटीवर देखरेख ठेवणारा न्यायाधीश. पुढची कितीतरी वर्षं हे दोघे एकमेकांना घालूनपाडून बोलतात आणि एकमेकांशिवाय त्यांचं पानही हलत नाही. हे सगळं त्या डब्यातून निघालेलं आहे.

त्यानंतर थेट १९४२-४३ चा हंगाम घ्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये गिल्डरस्लीव्ह गावाचा पाणीपुरवठा अधिकारी होतो. कारखानदार सरकारी खुर्चीत आला, आणि मालिकेचा सूरच बदलला. पूर्वीचा तोंडाळ, आक्रमक माणूस हळूहळू बढाईखोर पण हळवा मामा होत जातो. एखाद्या भागात ‘आता मी सुधारलो’ अशी घोषणा नाही. सलग ऐकलं तरच हा बदल पकडता येतो.

याच हंगामात लीला रॅन्सम ही दक्षिणेकडची, लाडिक बोलणारी विधवा येते (आवाज शर्ली मिचेलचा). ओळख, मग फिरायला जाणं, मग मत्सर, मग साखरपुडा. लेखक घाई अजिबात करत नाहीत. जून १९४३ मध्ये हंगामाच्या शेवटी लग्न उभं राहतं, पाहुणे जमतात, आणि ज्याला सगळे मेलेला समजत होते तो लीलाचा पहिला नवरा ऐन विधीच्या वेळी दारात हजर! हा भाग सुटा ऐकला तर नुसता फार्स वाटतो. मागचे सगळे महिने ऐकून इथवर पोचलात तर गिल्डरस्लीव्हची कीव येते आणि हसूही आवरत नाही.

३. फाइली घेताना तारीख आणि वार तपासा

‘इंटरनेट आर्काइव्ह’वर या मालिकांचे मोठे संच आहेत. फाइलीच्या नावात बहुधा तारीख असते, पण अमेरिकन पद्धतीने: आधी महिना, मग दिवस. वर्ष आधी असेल तर क्रम आपोआप लागतो. नसेल तर नावं बदलून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पुढचा ताप वाचतो.

वार तपासणं ही माझी आवडती युक्ती. गिल्डरस्लीव्ह १९४६ पर्यंत रविवारी लागे, त्यानंतर बरीच वर्षं बुधवारी. १९४३ चा भाग म्हणून फाइल मिळाली आणि त्या तारखेला मंगळवार निघाला, तर तारीख चुकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

काही भागांत जाहिराती नसतात आणि मधेच दुसराच निवेदक बोलतो. ती बहुधा युद्धकाळात सैनिकांच्या रेडिओसाठी कापून काढलेली आवृत्ती. मूळ मिळत असेल तर मूळच घ्या. आणि काही भाग मुळात उरलेलेच नाहीत. तिथे अडून बसू नका. पुढच्या भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत पात्रं आपसांत बोलताना मागचं सगळं सांगून टाकतात. त्या काळीही एखादा आठवडा लोकांचा चुकायचाच, लेखकांना ते ठाऊक होतं.

४. एक कागद जवळ ठेवा

त्यावर तीनच रकाने: पात्र, आवाज कोणाचा, आणि आत्ता कोणाचं कोणाशी काय चाललं आहे. कथानकाचा सारांश लिहीत बसू नका, कंटाळून सोडून द्याल.

पालुपदं मात्र लिहा. रेडिओवर चेहरा नाही, त्यामुळे माणूस ओळखायचा तो लकबीवरून. औषधांच्या दुकानातला पीव्ही (रिचर्ड लेग्रँड) काहीही विचारलं तरी सुकलेल्या आवाजात म्हणणार, ‘अं... तसं काही मी म्हणणार नाही.’ गंमत अशी की हे वाक्य दर आठवड्याला तेच असतं आणि अर्थ दर आठवड्याला वेगळा. कधी भित्रेपणा, कधी टोमणा, आणि क्वचित चक्क प्रेम. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. टेकाडे भावजी नुसते ‘वहिनी’ म्हणाले तरी पुढे काय येणार याचा अंदाज यायचा.

५. आवाज बदलला की थांबा

पात्र बदलण्याची तीन कारणं असतात: गोष्टीची गरज, नटाची अडचण, आणि बाहेरचं जग. ऐकताना यातलं कोणतं आहे हे ओळखायला शिका.

भाची मार्जरीचंच पाहा. लुरीन टटल, मग लुईस एरिकसन, मग मेरी ली रॉब असे तीन आवाज. त्यातून मार्जरी शाळकरी पोरीची तरुणी होते, मे १९५० मध्ये ब्रॉन्को थॉम्पसनशी (रिचर्ड क्रेना) तिचं लग्न लागतं, पुढे जुळी मुलं होतात. धाकटा भाऊ लिरॉय मात्र जवळजवळ तिथल्या तिथेच, तोच खट्याळ पोरगा. कारण लिरॉयचा आवाज देणारा वॉल्टर टेटली मालिका सुरू झाली तेव्हाच पंचविशी ओलांडलेला होता; एका शारीरिक व्याधीमुळे त्याचा आवाज कधी फुटलाच नाही. एकाच घरात बहीण दहा वर्षांनी मोठी होते आणि भाऊ होत नाही, आणि ऐकताना ते खटकतही नाही! डोळ्यांना दिसत असतं तर हे एक हंगामसुद्धा खपलं नसतं.

सर्वांत मोठा बदल १९५० चा. सीबीएस या रेडिओ कंपनीने तिची प्रतिस्पर्धी एनबीसी हिचे कलाकार ओढायला सुरुवात केली होती. गिल्डरस्लीव्ह साकारणाऱ्या हॅरोल्ड पिअरीने सीबीएसशी करार केला, पण मालिकेची प्रायोजक क्राफ्ट कंपनी त्याच्याबरोबर गेली नाही. जूनमध्ये पिअरी गेला, सप्टेंबरमध्ये विलार्ड वॉटरमन आला. दोघांचे आवाज इतके सारखे की अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. खूण एकच: ते घरंगळत खाली येणारं, घशातलं हसू. ते पिअरीचं आहे असं वॉटरमन मानायचा आणि त्याने ते उचललं नाही. जून १९५० आणि सप्टेंबर १९५० चे भाग लागोपाठ लावा. आधी फरक कळणार नाही. मग मामा एखाद्या फजितीनंतर नुसताच उसासा टाकतो आणि तुमच्या लक्षात येतं की इथे हसू यायला हवं होतं.

६. युद्धाची वर्षं वेगळी ऐका

१९४२ ते १९४५ मधल्या बदलांचं कारण गोष्टीत शोधू नका, वर्तमानपत्रात शोधा. ‘फिबर मॅगी’तला बिल थॉम्पसन एकटा चार-चार पात्रांचे आवाज काढायचा. तो नौदलात गेला आणि गावातली तेवढी माणसं एका झटक्यात गायब झाली. महापौर ला ट्रिव्हिया साकारणारा गेल गॉर्डन तटरक्षक दलात गेला. लेखक डॉन क्विनने रिकामी जागा कशी भरली, तर मॅगींच्या घरात ॲलिस डार्लिंग नावाची, युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला जाणारी तरुणी भाडेकरू म्हणून आणून ठेवली. अडचणीतून निघालेलं हे पात्र त्या काळाचं चित्र म्हणून आज जास्त मोलाचं वाटतं.

७. जाहिरात पुढे ढकलू नका

निदान पहिल्या महिन्यात तरी. काही वेळा कथानकच प्रायोजकासाठी बेतलेलं असतं. सप्टेंबर १९४८ मध्ये गिल्डरस्लीव्हच्या गाडीत कोणीतरी तान्हं बाळ सोडून जातं. बाळाचं नाव काय ठेवायचं, यासाठी श्रोत्यांची स्पर्धा जाहीर झाली. जाहिरात गाळली तर सगळे नावावरून एवढा घोळ का घालत आहेत हे कळणारच नाही. तरीही हे प्रकरण विक्रीपुरतं उरलं नाही, हे लेखकांचं कौतुक. नाताळपर्यंत हे बाळ घरात राहतं, आणि मामा त्याच्यात नको इतका गुंततो. पुढचं सांगत नाही.

८. जे बोचतं ते बोचू द्या

‘एमॉस अँड अँडी’तली कृष्णवर्णीय पात्रं दोन गोरे नट, फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल, साकारत. १९३१ मध्येच ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने तिच्याविरुद्ध मोहीम काढली होती. म्हणजे ‘तेव्हा कोणाला काही वाटत नसे’ हे खरं नाही. ‘फिबर मॅगी’तली ब्यूला ही कृष्णवर्णीय मोलकरीण तर मार्लिन हर्ट हा गोरा पुरुष करायचा. गिल्डरस्लीव्हच्या घरातल्या बर्डीचं काम लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचं. स्वयंपाकीण ठराविक साच्यातलीच, पण वर्षं सरतात तशी घरातली सर्वांत शहाणी व्यक्ती तीच ठरत जाते. सुरुवातीचे आणि १९४८ नंतरचे तिचे प्रवेश जवळजवळ ऐकून पाहा.

९. मग दोन मालिका एकत्र गुंफा

गिल्डरस्लीव्हचा एक हंगाम पचला की विनोदी नट जॅक बेनीच्या मालिकेकडे वळा. त्याची पात्रं बदलत नाहीत. तो कंजूस आहे आणि कायम ३९ वर्षांचाच आहे. पण कथानकं लांबतात. २८ मार्च १९४८ च्या भागात तो शेजारी, सिनेनट रोनाल्ड कोलमनचं ऑस्कर उसनं घेऊन घरी निघतो आणि वाटेत चोर गाठतो: पैसे की प्राण? यावर बेनीची ती लांब शांतता. चोर पुन्हा दटावतो, तेव्हा उत्तर येतं की मी विचार करतोय. हा विनोद सगळ्यांना ठाऊक असतो. चोराने ते ऑस्कर नेलं आणि त्याची भरपाई करताना बेनीची पुढे कशी त्रेधा उडाली, हे फार थोड्यांना. म्हणून त्या भागावर थांबू नका, पुढचे आठवडेही घ्या.

शेवटी अवघड पण फार मजेचा प्रयोग. ३० डिसेंबर १९३६ च्या बुधवारी फ्रेड ॲलन या दुसऱ्या विनोदी नटाच्या कार्यक्रमात दहा वर्षांच्या मुलाने व्हायोलिन वाजवलं आणि ॲलनने बेनीच्या व्हायोलिनवर शेरा मारला. बेनीने रविवारच्या आपल्या कार्यक्रमातून उत्तर दिलं. बुधवारी ॲलन, रविवारी बेनी, असं हे लुटुपुटीचं भांडण १४ मार्च १९३७ च्या न्यूयॉर्कमधल्या समोरासमोरच्या सामन्यापर्यंत चाललं (आणि खरं तर त्यानंतरही वर्षानुवर्षं). दोन्ही मालिकांचे जेवढे भाग हाती लागतील तेवढे एकाच फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा. सलग एका रात्रीत संपवू नका. बुधवारचा बुधवारी, रविवारचा रविवारी, असेच ऐका.